व्ही-एटची हौस आणि हप्त्याचा हिशेब

पत्र : सप्रेम नमस्कार. माझं वय ४६. भोसरी एमआयडीसीत माझं छोटं वर्कशॉप आहे, गाड्यांच्या कंपन्यांना माल पुरवणाऱ्यांची जॉबवर्कची कामं करतो. २०१८ साली खंडाळ्याच्या अलीकडे एका फूड मॉलवर लाल फोर्ड मस्टँग सुरू होताना ऐकली, तेव्हापासून तो आवाज डोक्यातून जात नाही. आता बाणेरच्या एका डीलरकडे २०१७ ची मस्टँग जीटी आली आहे. पाच लिटरचं व्ही-एट इंजिन, ३१ हजार किलोमीटर, हरियाणा पासिंग, किंमत ४८ लाख. माझ्याजवळ २३ लाख आहेत. उरलेल्या २५ लाखांचं कर्ज पाच वर्षांसाठी १२ टक्क्यांनी मिळतंय. डीलर म्हणतो, ही गाडी आता भारतात येत नाही, किंमत पडणार नाही, गुंतवणूक समजा. बायको म्हणते, एवढ्या पैशात चाकणकडे प्लॉट येईल. मुलगा १९ वर्षांचा आहे, तो आत्तापासूनच चावी मागतोय. घरची बलेनो राहणारच आहे. शनिवारपर्यंत लाखभर टोकन द्यायचं आहे. घ्यावी का? आणि घरी कसं सांगावं?
– भोसरीकर

उत्तर :

भोसरीकर, नमस्कार.

शनिवारचं आधी सांगतो. टोकन देऊ नका. घाई डीलरला आहे, तुम्हाला नाही. अशी गाडी घेण्याला माझी हरकत नाही, उलट तुमची हौस मला मनापासून पटते. पण ही गाडी, या कर्जावर, नको. का नको ते सविस्तर लिहितो, आणि मग काय करता येईल तेही.

सुरुवात सुखापासून करतो, कारण खर्चाचं तुम्हाला घरीदारी सगळेच ऐकवणार. मोठ्या इंजिनाच्या गाडीचा आनंद खोटा नसतो, आणि तो चारचौघांत मिरवण्यापुरताही नसतो. तुम्ही मशीनवाले आहात, तुम्हाला हे चटकन कळेल. तुमच्या डोक्यात राहिलेला आवाज ही नुसती सायलेन्सरची करामत नाही. व्ही-एट म्हणजे इंग्रजी व्ही अक्षरासारख्या दोन बाजूंना चार-चार सिलिंडर. या इंजिनात क्रँकच्या, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याच्या, चार पिना एकमेकींशी ९० अंशांत असतात. आठही सिलिंडर मिळून बघितले तर स्फोट ठरावीक अंतरानं होतात. पण एकाच बाजूच्या चार सिलिंडरांकडे बघितलं, तर कधी दोन लागोपाठ पेटतात आणि कधी मध्ये लांब खंड पडतो. त्या बाजूच्या पाइपातून धूर असा थांबत, धावत बाहेर पडतो, म्हणून उभ्या गाडीचा तो खर्जातला गुरगुराट. फेरारीच्या व्ही-एटमध्ये क्रँक सपाट असतो, पिना १८० अंशांवर असतात, दोन्ही बाजू एकसारख्या फुंकतात आणि आवाज वरच्या पट्टीतला येतो. तुम्ही खंडाळ्याला जे ऐकलंत ते यंत्राच्या रचनेतून आलेलं होतं. जन्मभर लोखंड कापणाऱ्या माणसाला त्याची भूल पडावी यात नवल काही नाही.

दुसरं सुख उजव्या पायाखालचं. ४,९५१ सीसीचं इंजिन, टर्बो नाही, ४०१ पीएस ताकद, ५१५ न्यूटन मीटर टॉर्क. आजच्या बहुतेक दमदार गाड्या लहान इंजिनावर टर्बो बसवून ताकद काढतात. त्या वेगवान असतात, पण पाय दाबल्यावर हवा भरली जायला पाव-अर्धा सेकंद लागतो आणि मग ताकद एकदम अंगावर येते. इथं तसं नाही. जेवढा पाय, तेवढा जोर, त्याच क्षणी. आणि काटा जसजसा वर चढतो तसतसा आवाजही बदलत जातो. हे सगळं ताशी ४० किलोमीटरलाही मिळतं. रविवारी पहाटे सहाला सातारा रस्त्यानं खेड शिवापूरपर्यंत गेलात, कुणाला मागे टाकलं नाहीत, फक्त दोन-तीनदा गिअर खाली घेऊन पुन्हा वर नेलात, तरी आठवडाभर पुरेल एवढं समाधान मिळतं. अशा गाड्यांच्या आनंदाचा मोठा हिस्सा कमी वेगातच असतो. जे लोक वेगासाठी त्या घेतात ते फार लवकर कंटाळतात, नाहीतर अडचणीत येतात.

कारण वेगाचं गणित असं आहे. ही गाडी पहिल्या गिअरमध्ये ताणली की साठच्या आसपास पोचते, आणि दुसऱ्या गिअरमध्येच शंभर ओलांडते. थांबलेल्या गाडीपासून शंभरपर्यंत पाच सेकंदांच्या आसपास वेळ लागतो. मुंबई-पुणे एक्सप्रेस वेची मर्यादा १०० आहे, घाटात त्याहून कितीतरी कमी, आणि २०२४ पासून त्या रस्त्यावर कॅमेरे बारकाईनं मोजतात. म्हणजे पूर्ण पाय दाबायचं कायदेशीर सुख एका वेळी पाच सेकंदांचं. त्यानंतर ती सहाव्या गिअरमध्ये दोन हजार आरपीएमच्याही खाली, निवांत, जवळजवळ मुकी चालत राहते. समृद्धी महामार्गावर १२० ची परवानगी आहे. ७०१ किलोमीटरचा तो रस्ता जून २०२५ पासून सलग खुला झाला आहे, तरी तिथंही या इंजिनाला जाग येत नाही. हे ऐकून तुमचा उत्साह मावळला, तर गाडी तुमच्यासाठी नाही. ‘चालेल, मला पाच सेकंदच हवेत आणि तो आवाज हवा’ असं वाटलं, तर पुढचं वाचा.

आता पैसे. अशा गाडीबद्दल पहिला प्रश्न हमखास ‘ॲव्हरेज किती देते?’ हाच असतो. पुण्याच्या गर्दीत लिटरला चार-पाच किलोमीटर, मोकळ्या रस्त्यावर सांभाळून चालवली तर नऊ-दहा. ऐकायला भयंकर वाटतं. पण ही गाडी तुम्ही रोज भोसरीला नेणार नाही. वर्षाला ५,००० किलोमीटर चालवली आणि सरासरी सहा धरली, तर सुमारे ८३३ लिटर लागतील. १०५ रुपये भावानं ते झाले ८७ हजारांच्या आसपास. पाच वर्षांचे जेमतेम साडेचार लाख.

तुमच्या कर्जाचा हप्ता बघा. २५ लाख, १२ टक्के, ६० महिने : महिन्याला साधारण ५५,६००. पाच वर्षांत तुम्ही बँकेला ३३ लाख ३७ हजार देणार, त्यात नुसतं व्याज ८ लाख ३७ हजार. पेट्रोलच्या जवळजवळ दुप्पट! या व्याजातून ना आवाज मिळतो ना वेग. गाडी महिनाभर पार्किंगमध्ये उभी राहिली तर पेट्रोल लागत नाही, हप्ता मात्र ठरल्या तारखेला जातो. जॉबवर्कच्या धंद्यात काही महिने कामं कशी आटतात आणि झालेल्या कामाचे पैसे कसे अडकतात, ते मी तुम्हाला सांगायला नको. त्या महिन्यांत कामगारांचे पगार आणि मस्टँगचा हप्ता एकाच खात्यातून जाणार. ज्या गाडीकडे बघून छातीत धडधडायला हवं, तिच्याकडे बघून पोटात गोळा यायला लागला, की हौस गेली. लोक ‘हौसेला मोल नाही’ म्हणतात. असतं, आणि ते दर महिन्याच्या पाच तारखेला कळतं.

हप्त्याखेरीज वर्षाकाठी जे लागतं त्याचाही अंदाज घ्या. १,५०० सीसीच्या वरच्या सगळ्या खासगी गाड्यांना थर्ड पार्टी विम्याचा मूळ हप्ता २०२२ पासून एकच आहे, ७,८९७ रुपये. त्या बाबतीत दोन लिटरची गाडी आणि तुमचं व्ही-एट सारखंच. फरक पडतो तो स्वतःच्या नुकसानीच्या विम्यात. गाडीची किंमत चाळीस लाखांच्या घरात धरली, तर वर्षाला सत्तर हजार ते लाखभर तयार ठेवा. पाच वर्षांपेक्षा जुन्या गाडीची विमा किंमत तुम्ही आणि कंपनी मिळून ठरवता, तेव्हा स्वस्त हप्त्याच्या मोहात ती कमी लावून घेऊ नका. एवढ्या जुन्या गाडीला शून्य घसाऱ्याचं कलम बहुतेक कंपन्या देत नाहीत. ते नसेल तर प्लॅस्टिक आणि रबराच्या सुट्या भागांचे निम्मे पैसे तुमच्या खिशातून जातात. आणि या गाडीचं नाक म्हणजे बंपर, जाळी, खालची पट्टी, जवळजवळ सगळं प्लॅस्टिकच. इंजिन प्रोटेक्शनचं कलम मिळत असेल तर मात्र जरूर घ्या. पुण्यात जुलैच्या एका संध्याकाळी कुठल्या चौकात किती पाणी साचेल याचा नेम नाही. इंजिनानं पाणी ओढलं की कनेक्टिंग रॉड वाकतात, आणि साधा विमा त्याचे पैसे बहुधा नाकारतो.

सुट्या भागांचं दुखणं पैशापेक्षा वेळेचं आहे. फोर्डनं सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातलं गाड्यांचं उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं. मस्टँग तर इथं कधीच बनत नव्हती, ती मिशिगनमधून पूर्ण बांधून यायची. ऑइल, फिल्टर, ब्रेक पॅड मिळतील. पण एक हेडलाइट फुटला किंवा पुढचा पत्रा चेपला, तर भाग बाहेरून मागवावा लागतो आणि तोवर गाडी उभी. म्हणून माझा आग्रह असा की किंमत मोजून झाल्यावर सहा लाख रुपये वेगळे ठेवता येत असतील तरच ही गाडी घ्यावी. ते पैसे खर्च होतीलच असं नाही, पण ते बाजूला आहेत या भरवशावर तुम्ही गाडी बिनघोर चालवाल. तुमच्या हिशेबात २३ लाखांतले सगळेच्या सगळे किमतीत गेले. ही मला कर्जाइतकीच काळजीची गोष्ट वाटते.

डीलरचं ‘गुंतवणूक समजा’ हे वाक्य कानाआड करा. जुलै २०१६ मध्ये ही गाडी भारतात आली तेव्हा एक्स-शोरूम किंमत ६५ लाख होती. आज ती ४८ ला विकली जाते आहे, आणि मधल्या वर्षांचा विमा, टायर, सर्व्हिस कुणीतरी भरलंच. संख्या कमी असल्यामुळे भाव टिकून राहीलही, पण भाव टिकतो तो कमी चाललेल्या गाडीचा. म्हणजे गुंतवणूक म्हणून घेतलीत तर चालवायची भीती वाटणार, आणि चालवायची नसेल तर घ्यायची कशाला? प्लॉट ही गुंतवणूक आहे, तुमच्या बायकोचं म्हणणं त्या अर्थानं अगदी बरोबर आहे. गाडी हा खर्च आहे. आवडीसाठी केलेला, चांगला खर्च असू शकतो, पण खर्चच.

आणखी एक, या गाडीच्या कुळाबद्दल. १७ एप्रिल १९६४ ला न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात मस्टँग पहिल्यांदा लोकांसमोर आली तेव्हा तिची किंमत २,३६८ डॉलरपासून सुरू होत होती. ती अमेरिकेतल्या पगारदार तरुणांची गाडी होती, आणि पुढेही बऱ्याच अंशी तीच राहिली. इथं आयात शुल्कामुळे ती जर्मन गाड्यांच्या रांगेत जाऊन बसली. म्हणून आतलं प्लॅस्टिक, दरवाजाच्या आतलं कव्हर, बटणं ४८ लाखांच्या अपेक्षेनं बघाल तर हिरमुसाल. तुम्ही पैसे इंजिनाचे देताय. ते कबूल असेल तर बाकीचं खटकत नाही.

आता बाणेरच्या त्या गाडीबद्दल, कारण पत्रातल्या दोन गोष्टी मला खटकल्या. एक, हरियाणा पासिंग. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे दुसऱ्या राज्यातली गाडी इथं बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर नवीन नोंदणी करावीच लागते. त्यासाठी तिकडच्या आरटीओची एनओसी लागते, आणि महाराष्ट्राचा वाहनकर पुन्हा भरावा लागतो. आयात गाडीला आपल्याकडे कराचा दर चढा आहे. जुन्या गाडीला वयाप्रमाणे तो कमी होतो, तरी रक्कम लाखांतच येईल. हरियाणात भरलेल्या कराचा परतावा मागता येतो, पण त्याच्या भरवशावर हिशेब मांडू नका. डीलरनं सांगितलेल्या ४८ लाखांत हे धरलंय का? मला शंका आहे. आरटीओकडून नेमका आकडा काढून घ्या, आणि पासिंग करून देण्याची जबाबदारी कुणाची ते कागदावर लिहून घ्या. परिवहनच्या संकेतस्थळावर थकलेली चलानं आणि आरसीवर कुणाचा बोजा आहे का, हे तुम्ही स्वतः बघा.

दुसरी गोष्ट ३१ हजार किलोमीटर. आकडा गोंडस आहे, पण मला त्याआधी टायर बघायचे असते. खाली वाकून टायरच्या बाजूवर ‘डॉट’ अक्षरांच्या ओळीत शेवटचे चार अंक वाचा. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१७ असेल तर २०१७ सालचा २३ वा आठवडा. नक्षी खोल दिसते म्हणून फसू नका. इतक्या वर्षांचं रबर कडक होतं, नखानं दाबून बघा, खोबणीच्या तळाशी केसासारख्या बारीक चिरा दिसतात का बघा. मागच्या दोन चाकांवर चारशे घोड्यांची ताकद येणार आणि ते रबर ओल्या रस्त्याला धरणार नाही. समृद्धीवर टायर फुटून इतके अपघात झाले की आरटीओला तिथं टायर तपासायला माणसं उभी करावी लागली. १९ इंची रिमचे हे रुंद टायर एकेक तीस हजारांच्या घरात जातात, म्हणजे चारांचे सव्वा लाख, आणि हा खर्च भाव ठरवतानाच वजा करायचा असतो.

इंजिन थंड असताना सुरू करून बघायचा हट्ट धरा. डीलरला आधीच सांगा की मी येईपर्यंत गाडी सुरू करायची नाही, आणि गेल्यावर बॉनेटवर तळहात ठेवून खात्री करा. थंड इंजिन पहिल्या मिनिटात जे बोलतं ते गरम झाल्यावर लपतं. मग पुढच्या बंपरची खालची कड आरसा धरून किंवा मोबाइलचा कॅमेरा खाली घालून बघा. भारतातल्या प्रत्येक मस्टँगला तिथं थोडे ओरखडे असतातच. अजिबात नसतील तर बंपर बदललाय की रंगवलाय ते विचारा. सर्व्हिसचे कागद एकसंध हवेत, आणि स्कॅनर लावून गिअरबॉक्स व इंजिनाचे जुने दोष वाचून घ्या. तुमच्या ओळखीत फोर्डच्या वर्कशॉपमधला जुना मेकॅनिक निघेलच. त्याची एका दिवसाची मजुरी द्या आणि सोबत न्या.

राहायच्या जागेचंही मोजमाप घ्या. गाडी आरसे सोडून १,९१६ मिलिमीटर रुंद आहे आणि दोनच दरवाजे असल्यामुळे ते लांब आहेत. पार्किंगमध्ये शेजारी खांब असेल तर तुम्ही आत जाल, पण उतरणार कसे? जमिनीपासूनची उंची साधारण १३७ मिलिमीटर. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणे गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असायला हवा, तसा असेल तर ही गाडी आरामात जाते. आपल्या गल्ल्यांतले डांबराचे उंचवटे ना तेवढे रुंद असतात ना तेवढ्यावर थांबतात. कोथरूडच्या एका सोसायटीत मी असा एक मालक बघतो. तळघरातून वर येताना तो गाडी उतारावर तिरकी घालतो, एक चाक आधी, मग दुसरं, आणि वॉचमन गुडघ्यावर बसून नाकाखाली बघत हातानं ‘या, या’ करत असतो. दर वेळी. त्या माणसाला त्याचा त्रास वाटत नाही, म्हणून ती गाडी त्याच्याकडे टिकली आहे. तुमच्या सोसायटीच्या रॅम्पवर बलेनो घासते का, एवढं आधी बघा.

पावसाळ्यात ती बरीचशी उभी राहील. उभ्या गाडीची बॅटरी उतरते, ब्रेकच्या चकत्यांवर गंज धरतो, उंदीर वायरी कुरतडतात. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, ते हवेतली ओल धरतं, आणि २०१७ ची ही गाडी त्या मिश्रणासाठी बनवलेली नाही. शंभर ऑक्टेनचं पेट्रोल परवडत असेल तर उत्तम, पण तेही भरताना त्यात इथेनॉल किती ते पंपावर विचारा, आणि पुस्तिकेत किती चालतं ते वाचा. दर पंधरा दिवसांनी निदान अर्धा तास चालवणं हे या गाडीचं पथ्य आहे. तुमच्या रविवारांवर कामाचा डोंगर असेल तर ते पथ्य पाळलं जाणार नाही.

मुलाबद्दल थोडं कडक बोलतो. पहिली दोन वर्षं चावी त्याच्या हातात एकट्याच्या नको. मे २०२४ मध्ये कल्याणीनगरला एका भरधाव पोर्शेनं दोन तरुण इंजिनिअरांचा जीव घेतला, चालवणारा मुलगा सज्ञानही नव्हता. तुमचा मुलगा १९ चा आहे, त्याच्याकडे लायसन्स असेल, तो गुणीही असेल. पण मागच्या चाकांवर चालणारी चारशे पीएसची गाडी पहिल्या पावसाच्या तेलकट रस्त्यावर वळणात कशी निसटते, हे कळायला वर्षं लागतात, आणि शेजारी मित्र बसले की ती समज आणखी दूर जाते. त्याला खरंच गोडी असेल तर कोइंबतूरच्या कारी मोटर स्पीडवेला किंवा चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर रेसिंगचं शिक्षण घ्यायला पाठवा. खरं तर तुम्हीही जा. ब्रेक कुठं मारायचा, गाडी कधी सुटते, हे हेल्मेट घालून बंद ट्रॅकवर शिकलेला माणूस रस्त्यावर आपोआप शांत होतो.

मागची सीट दिसायला आहे, पण कुटुंबाला लांबच्या प्रवासाला तिथं बसवू नका. जानेवारी २०१७ मध्ये युरो एनकॅप या गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेनं या पिढीच्या मस्टँगला पाचपैकी दोनच तारे दिले. पुढच्या एअरबॅगा पुरेशा फुगल्या नाहीत आणि मागच्या पट्ट्यांना ताण धरणारी यंत्रणा नव्हती, ही त्यातली मुख्य कारणं. नंतरच्या सुधारित गाडीला तीन तारे मिळाले, पण तुमची त्या आधीची आहे.

तर मग करायचं काय? कुणी सांगेल, तुमच्या २३ लाखांत जुनी स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस बसेल : दोन लिटर टर्बो, २३० पीएस, चार दरवाजे, भली मोठी डिकी. फार गुणाची गाडी आहे आणि कुणी शहाणपणानं निवडायला सांगितलं तर मी तीच निवडेन. तुम्हाला मात्र ती घ्या म्हणणार नाही. तुमच्या मनात आवाज आहे, आणि तो तिच्यात नाही. दुसऱ्याच्या शहाणपणावर आपली हौस भागत नाही, नुसते पैसे जातात.

माझा सल्ला असा. ५५,६०० चा हप्ता बँकेऐवजी स्वतःला द्या. येत्या पाच तारखेपासून तेवढी रक्कम दर महिन्याला आवर्ती ठेवीत टाका आणि २३ लाख मुदत ठेवीत ठेवा. सात टक्के व्याज धरलं तर तीन वर्षांत दोन्ही मिळून ५० लाखांच्या आसपास होतात, व्याजावरचा कर गेला तरी ४८ लाखांच्या खाली फारसे उतरत नाहीत. तीच गाडी, कर्जाशिवाय. ज्या महिन्यात ठेवीचा हप्ता चुकेल तो महिना वहीत लिहून ठेवा, कारण त्याच महिन्यात बँकेचा हप्ताही चुकला असता. पहिल्या वर्षात असे तीन-चार महिने आले, तर धंदा अजून या गाडीला तयार नाही. एकही आला नाही, तर दीड-दोन वर्षांनी लहानसं कर्ज जोडून घेतलीत तरी मी अडवणार नाही. फक्त ते सहा लाख बाजूला राहू द्या. तोवर ही लाल-निळी जी कुठली असेल ती विकली गेलेली असेल, आणि दुसरी येईल. अशा गाड्यांचे मालक बदलत राहतात, कारण तुमच्या आत्ताच्या हिशेबावर घेणारे बरेच असतात.

मधल्या काळात अमेरिकेत कुणी नातेवाईक असतील आणि जाणं झालंच, तर पुण्याच्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्या आणि तिथं व्ही-एट मस्टँग दोन-तीन दिवस भाड्यानं घ्या. तिथं ती सहज मिळते, फक्त चार सिलिंडरची नाही ना हे विचारून घ्या. भाड्याच्या गाड्यांत चार सिलिंडरचीच जास्त असते. तीन दिवसांत मन भरलं तर लाखो वाचले, नाही भरलं तर तुमची ओढ खरी आहे हे कळलं.

घरी कसं सांगावं, हे विचारलंत. पटवायला जाऊ नका. वहिनींचा विरोध गाडीला आहे की कर्जाला, हे तुम्ही त्यांना अजून विचारलेलं दिसत नाही. प्लॉटची गोष्ट त्यांनी काढली, त्या अर्थी वर्कशॉपचे चढउतार त्यांनी तुमच्याइतकेच सोसलेत आणि पायाखाली काहीतरी पक्कं असावं असं त्यांना वाटतंय. वरचे आकडे एका कागदावर लिहा : हप्ता, व्याज, विमा, टायर, पासिंग, बाजूचे सहा लाख. त्यात काही लपवू नका, पासिंगचा कर तर मुळीच नाही. तो कागद त्यांच्यासमोर ठेवा आणि तीन वर्षांची ठेव दोघांच्या नावावर उघडा. त्या मुदतीत प्लॉटच जास्त गरजेचा वाटला तर पैसे तयार असतील, हेही त्यांना सांगा आणि मनापासून सांगा. आणि ज्या दिवशी पुढची मस्टँग बघायला जाल, त्या दिवशी त्यांना बरोबर न्या. त्या बलेनो चालवत असतील तर स्टिअरिंग पहिल्यांदा त्यांच्या हातात द्या, तुम्ही शेजारी बसा आणि गाडीबद्दल एक शब्दही बोलू नका.